सायकल, बोट आणि पाण्यावरचे मत



गेले काही महिने आम्हांला एकच प्रश्न विचारला जातो. विहारात, लग्नाच्या मांडवात, पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमातसुद्धा. "युरोपात जाऊन आलात म्हणे. काय काय पाहिलेत?" आयफेल टॉवर पाहिला का, बर्फाचे डोंगर पाहिले का, राणीचा वाडा पाहिला का? आम्ही सांगतो, यातले काहीच पाहिले नाही. आम्ही नेदरलँड्समधली, म्हणजे आपण ज्याला हॉलंड म्हणतो तिथली खेडी पाहिली. दिवसा सायकलवर बसून आणि रात्री बोटीत झोपून. हे ऐकले की समोरच्याचा चेहरा पडतो. "एवढा पैसा घालून, एवढे लांब जाऊन, सायकलच चालवली?"

होय, सायकलच चालवली. आणि त्यात काय सापडले ते सांगण्यासाठी आजचे हे सदर.

आमची मुलगी तिकडे नोकरीस आहे. तिच्या आग्रहाने, आणि खरे सांगायचे तर तिच्याच पैशाने, आम्ही उभयता गेल्या वर्षी मे महिन्यात गेलो. तिने आमच्यासाठी आठ दिवसांची सफर ठरवली होती. एके काळी वाळू, धान्य, कोळसा वाहणाऱ्या मालवाहू बोटी तिकडे आता वेगळ्या कामाला लागल्या आहेत. पोटात जिथे माल भरायचे तिथे लहान लहान खोल्या केल्या आहेत, वरच्या फळीवर सायकली उभ्या करतात. सकाळी न्याहारी झाली की ज्याने त्याने समोरच्या ब्रेड, चीजमधून आपली दुपारची शिदोरी बांधून घ्यायची आणि सायकलवर निघायचे. बोट सामान घेऊन कालव्यातून पुढे जाते. तीस-चाळीस किलोमीटर सायकल मारून संध्याकाळी पुढच्या गावी पोहोचले की बोट धक्क्याला लागलेली असते. पाय दुखले, पाऊस आला, तर बोटीतच बसून राहायचे. कोणी हसत नाही.

आमच्या शिदोरीत पहिले तीन दिवस घरून नेलेला शेंगदाण्याचा ठेचा होता. बोटीवरच्या एका जर्मन गृहस्थाने तो चीजबरोबर खाऊन पाहिला आणि दुसऱ्या दिवशी स्वतःहून डबा पुढे केला. असो.

अडचण वेगळीच होती. आमच्या आयुष्मतींना सायकल येत नव्हती.

त्यांच्या पिढीतल्या किती भगिनींना येते? घरात सायकल असलीच तर ती एक, आणि ती बापाची किंवा भावाची. मुलीने शिकायला हट्ट केलाच तर "पडशील, मोडशील, लोक काय म्हणतील" हे ठरलेले उत्तर. आयुष्मती म्हणाल्या, मी बोटीत बसते, तुम्ही दोघे जाऊन या. पण बोटवाल्या बाईंनी यावर तोडगा काढला. त्यांच्याकडे दोन जणांची सायकल होती. तिला टँडेम म्हणतात. पुढच्याने हँडल धरायचे, तोल सांभाळायचा, मागच्याने फक्त पेडल मारायचे. आम्ही पुढे बसलो. पहिल्या अर्ध्या तासात दोनदा झुडपात शिरलो, कारण तिकडे रस्त्याच्या उजव्या बाजूने चालायचे असते आणि आमचा हात जन्मभराच्या सवयीने डावीकडे वळत होता. मागून आवाज आला, "तोल मला येत नाही, का तुम्हांला?"

तिकडचा मुलूख सपाट आहे. डोंगर नाही, घाट नाही. मात्र समुद्राकडून वारा असा येतो की समोरून आला तर चढण चढल्यासारखे वाटते. देशाचा सुमारे चौथा हिस्सा समुद्रसपाटीच्या खाली आहे. सायकलवरून जाताना हे डोळ्यांना दिसते. आपण बांधावरच्या रस्त्याने जात असतो. एका हाताला नदी, दुसऱ्या हाताला शेत, आणि शेत नदीच्या पाण्यापेक्षा कितीतरी खाली. गायी चरताहेत त्या खाली, आणि बोट चालली आहे ती वर!

वाट चुकण्याची भीती नाही. दोन रस्ते मिळतात तिथे खांबावर एक आकडा लिहिलेला असतो आणि शेजारी नकाशा. सकाळी कागदावर आकडे लिहून घ्यायचे, सत्तावीस, एक्केचाळीस, बारा, आणि एकेक आकडा गाठत जायचे. ही पद्धत १९९५ साली शेजारच्या बेल्जियममधल्या लिंबुर्ग प्रांतात सुरू झाली. त्या प्रांतातल्या कोळशाच्या खाणी तेव्हा नुकत्याच बंद पडल्या होत्या, आणि ही कल्पना काढणारा मनुष्य खाणीतलाच एक अभियंता होता. ज्याला अक्षर वाचता येत नाही, परकी भाषा येत नाही, त्यालाही आकडा कळतो. आमच्या आयुष्मतींनी दुसऱ्या दिवसापासून कागद स्वतःकडे घेतला. "पुढे डावीकडे. त्रेपन्न," असा हुकूम मागून सुटायचा.

एका गावात शिरताना लाल रंगाचा रस्ता लागला आणि एक पाटी दिसली. मुलीने अर्थ सांगितला. "हा सायकलचा रस्ता आहे. मोटार इथे पाहुणी आहे." म्हणजे मोटारीने यावे, पण सायकलवाल्याच्या मागे मागे, पाहुण्यासारखे, अदबीने.

वाचकहो, ती पाटी वाचून आम्ही सायकलवरून उतरलो. मुलीला वाटले दम लागला. दम लागला नव्हता. आम्हांला आमचे वडील आठवले होते.

वडिलांनी साठच्या दशकात जुन्या बाजारातून एक सायकल घेतली होती. तालुक्याच्या गावी कामाला जायचे, रात्री परत यायचे. माळरानावर ते जोरात सायकल मारत. पण गावाची वेस आली की खाली उतरत. वेशीपासून थेट आपल्या वस्तीपर्यंत, वाड्यांसमोरून, सायकल हातात धरून चालत जात. आम्ही पुढच्या दांड्यावर बसलेले असू, आम्हांलाही उतरवत. एकदा आम्ही विचारले, "दादा, पंक्चर झाली का?" ते म्हणाले, "हां, पंक्चर झाली." दुसऱ्या दिवशीही वेशीत पंक्चर. तिसऱ्या दिवशीही. मोठे झाल्यावर कळले की आपल्या माणसाने गावातून सायकलवर बसून जाणे हा गुन्हा समजला जाई. रस्ता सरकारी, सायकल कष्टाची, पण बसण्याचा हक्क नाही. आपल्यातल्या कितीतरी घरांत ही आठवण आहे. नावे वेगळी, वेशी वेगळ्या.

म्हणून सांगतो, रस्ता कोणाचा हा प्रश्न फालतू नाही. तो प्रश्न हॉलंडच्या लोकांनाही लढून सोडवावा लागला. आज तिथे माणसांपेक्षा सायकली जास्त आहेत हे पाहून आपल्याला वाटते, हे लोक जन्मतःच शहाणे. तसे नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथेही मोटारींनी रस्ते व्यापले. १९७१ या एका वर्षात सुमारे ३,३०० माणसे रस्त्यावर मेली आणि त्यांत चारशेहून अधिक मुले होती. तेव्हा आई-बाप रस्त्यावर उतरले. अपघातात मूल गमावलेल्या एका पत्रकाराने लेख लिहिला, आणि त्यातून "मुलांची हत्या थांबवा" या नावाचीच चळवळ उभी राहिली. लोकांनी रस्ते अडवले, मुलांना रस्त्यावर खेळायला बसवले. १९७३ साली तेलाचा तुटवडा झाला, काही रविवार मोटारी बंद ठेवाव्या लागल्या, आणि मोकळा रस्ता कसा दिसतो हे लोकांनी पाहिले. आजचे सायकलचे रस्ते त्या आंदोलनाची कमाई आहे. मागितल्याशिवाय आणि संघटित झाल्याशिवाय तिथेही कोणाला काही मिळाले नाही.

चौथ्या दिवशी आम्ही स्खोनहोव्हन नावाच्या लहान गावी एका छोट्या तरीतून नदी ओलांडली. सायकलीसकट चढायचे, पाच मिनिटांत पैलतीर. नदीचे नाव विचारले तर काय निघाले? लेक! आयुष्मती म्हणाल्या, "बरोबर आहे, लेकीमुळेच इथवर आलो." ही लेक नदी म्हणजे ऱ्हाईन नदीची शाखा. जर्मनीतून वाहत येणाऱ्या त्याच ऱ्हाईनच्या काठी, वर, बॉन शहर आहे, जिथल्या विद्यापीठात १९२० च्या दशकाच्या आरंभी परमपूज्य बाबासाहेबांचे नाव विद्यार्थी म्हणून नोंदले गेले होते. आम्ही बॉनला गेलो नाही. पण त्या गावावरून वाहत आलेल्या पाण्याला तरीच्या काठावरून हात लावता आला, तेवढे आम्हांला पुरे झाले.

पुढे किंडरडाइक आले. एका ओळीत, कालव्याच्या दोन्ही बाजूंना, एकोणीस पवनचक्क्या. बहुतेक १७४० च्या सुमारास बांधलेल्या. युनेस्कोने १९९७ साली त्यांना जागतिक वारसा ठरवले. आपल्याला वाटते पवनचक्की म्हणजे दळण दळायची. इथल्या चक्क्या दळत नाहीत, पाणी उपसतात. खोलगट शेतातले पाणी वर कालव्यात आणि तिथून नदीत. वाऱ्याचा जोर असेल तेव्हा रात्री-बेरात्री उठून चक्कीवाल्याचे सगळे कुटुंब कामाला लागे. आज काम मोठे पंप करतात, तरी चक्क्यांत कुटुंबे अजून राहतात. दारात वाळत घातलेले कपडे आम्ही पाहिले.

किंडरडाइक म्हणजे मुलाचा बांध. १४२१ साली मोठा पूर आला, गावे बुडाली, तेव्हा एक पाळणा तरंगत या बांधाला लागला अशी दंतकथा आहे. पाळण्यात तान्हे मूल आणि एक मांजर. पाळणा एका बाजूला कलला की मांजर दुसऱ्या बाजूला उडी मारी आणि तोल सांभाळी. दंतकथा ती दंतकथा. पण पूर खरा होता, आणि तो पुनःपुन्हा येत राहिला. १९५३ च्या फेब्रुवारीत समुद्राचे बांध फुटून त्या देशात १,८३६ माणसे बुडून मेली.

अशा मुलखात पाण्याचा कारभार कोण बघतो? तिथे त्यासाठी वेगळी पंचायतच आहे. तिला पाणी-मंडळ म्हणू या. यातली काही मंडळे तेराव्या शतकापासून चालत आलेली आहेत. बांध कोणी दुरुस्त करायचा, कालव्यात पाणी किती ठेवायचे, सांडपाणी कसे शुद्ध करायचे, कर किती घ्यायचा, हे सगळे ही मंडळे ठरवतात. पूर्वी त्यांत जमीनदारांचेच चाले. ज्याची जमीन त्याचे मत. आज तशी एकवीस मंडळे आहेत आणि बहुतेक जागांसाठी अठरा वर्षांवरील सर्व रहिवाशांच्या मतांनी दर चार वर्षांनी निवडणूक होते. बांध फुटला तर पाणी जमीनदाराचे घर आणि मजुराचे घर पाहून शिरत नाही, हे त्यामागचे साधे शहाणपण.

लायडन गावी बोट थांबली होती. संध्याकाळी धक्क्यावर बसून मुलगी हे सांगत होती. मग सहज म्हणाली, "बाबा, मी पण मत दिले."

आम्ही म्हणालो, "तू कसे देणार? तू तर भारताची नागरिक."

ती म्हणाली, "देशाच्या निवडणुकीत नाही देता येत. पण पाण्याच्या निवडणुकीत देता येते. कायदेशीर राहणारा कुठल्याही देशाचा असो. मला घरी पत्र आले. मार्च २०२३ मध्ये मी जाऊन मत देऊन आले."

आम्ही दोघे गप्प झालो. वाचकहो, तुम्हीही क्षणभर थांबा. २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्या पाण्याला गुरे शिवत, पण माणसे शिवू शकत नव्हती. त्या ओंजळीसाठी आपल्या माणसांनी डोकी फोडून घेतली. आणि शहाण्णव वर्षांनी, तशाच एका मार्च महिन्यात, आपल्यातल्या एका मुलीला परक्या देशातून पत्र येते की बाई, इथल्या पाण्याचा कारभार कसा चालावा याविषयी तुझे मत दे. तिची जात त्या कागदावर कोणी विचारली नाही. आयुष्मतींनी पदराने डोळे पुसले आणि मुलीला विचारले, "मग कोणाला दिलेस?" मुलगी म्हणाली, "आई, मत गुप्त असते."

याचा अर्थ तिकडे सगळे आलबेल आहे असा कोणी घेऊ नये. लायडन-आम्स्टरडॅमच्या कालव्यांवरचे सुंदर वाडे पाहताना हेही लक्षात ठेवावे लागते की त्यांतला बराच पैसा व्यापाराबरोबर गुलामगिरीतूनही आला. सुरिनाम आणि कॅरिबियन बेटांत डच सरकारने गुलामगिरी १८६३ साली बंद केली, पण सुरिनाममध्ये सुटलेल्या माणसांना आणखी दहा वर्षे मळ्यांवर राबायला लावले. मग त्यांच्या जागी १८७३ पासून हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेले. तिथल्या राजाने या गुलामगिरीबद्दल १ जुलै २०२३ रोजी जाहीर माफी मागितली. दीडशे वर्षे लागली, पण मागितली. आपल्याकडे अजून कोणी मागितलेली नाही.

बोटवाल्यांचे जीवनही चित्रातल्यासारखे नव्हते. आमच्या बोटवाल्या बाईंचे आजोबा-आजी वाळू वाहत. घर म्हणजेच बोट. वारा नसला की काठावरून दोर खांद्याला लावून माणसांनी बोट ओढायची, त्यात बायका-मुलेही. आज जिथे सायकली जातात त्यांतल्या काही वाटा अशाच ओढणाऱ्यांच्या पायांनी पडलेल्या आहेत. सतत फिरतीवर असल्याने मुलांची शाळा बुडे. म्हणून बोटवाल्यांच्या मुलांसाठी खास वसतिगृहे निघाली. त्या बाई तशाच वसतिगृहात शिकल्या. शुक्रवारी आई-बाप कुठल्या धक्क्याला असतील तिथे जायचे, रविवारी परत. आम्ही म्हणालो, आमच्याकडेही बोर्डिंगांनी आमची पिढी घडवली. यावर त्यांनी आमचा हात हातात घेतला. भाषा वेगळी, पण बोर्डिंगातला रविवारचा निरोप दोघांनाही ठाऊक होता.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कामकऱ्याच्या घरात फिरण्याच्या गोष्टी कशाला? पैसेवाल्यांचे ते चोचले!

इतिहास उलटे सांगतो. इंग्लंडमध्ये १८९४ साली बर्मिंगहॅमच्या काही कामगारांनी एक सायकल मंडळ काढले. 'क्लॅरियन' नावाचे कष्टकऱ्यांचे एक साप्ताहिक होते, त्याच्या वाचकांनी. रविवारी सायकलवर खेडोपाडी जायचे, मोकळी हवा खायची आणि जाता जाता आपले साप्ताहिक व पत्रके वाटायची. म्हणजे आपल्यासारखेच वाचक! ते मंडळ आजही चालू आहे. जर्मनीत एका शाळामास्तराने गिरण्या-कारखान्यांच्या भागातल्या मुलांना पायी सहलीला नेले, १९०९ साली वादळात रात्र एका शाळेत काढावी लागली, आणि त्यातून मुलांसाठी स्वस्त मुक्कामाच्या युवा वसतिगृहांची कल्पना जगभर गेली.

फ्रान्समध्ये १९३६ च्या जूनमध्ये मोठ्या संपानंतर कामगारांना दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली. तोवर रजा म्हणजे पगार कापला जाणे. त्या उन्हाळ्यात हजारो कामगार जोडपी सायकली घेऊन निघाली आणि दोन जणांची टँडेम ही त्या रजेची खूणच झाली. कित्येकांनी त्या वर्षी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला. आम्ही ज्या सायकलवर धडपडत होतो तिचा असा इतिहास होता.

आणि आपल्याकडे? व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब मजूरमंत्री होते. त्यांच्याच कारकिर्दीत १९४५ साली कारखान्यांतल्या कामगारांना पगारी रजेचा हक्क देणारी दुरुस्ती झाली आणि १९४६ साली अठ्ठेचाळीस तासांचा आठवडा ठरला. आम्ही नोकरीत असताना ती रजा कशी वापरली? लग्ने, मयती, आजारपण, आणि उरली तर विकून पैसे. बाबासाहेबांनी मिळवून दिलेल्या रजेतला एकही दिवस आम्ही पत्नीबरोबर नदीकाठी बसायला वापरला नाही. याची खंत आम्हांला परदेशात टँडेमवर बसून वाटली. तथागतांनी पंचेचाळीस वर्षे चारिका केली. गावोगाव पायी फिरले, लोकांत मिसळले. एका जागी बसून जग कळत नाही हे आपल्या धम्मातच आहे.

यासाठी युरोपला जायची गरज नाही. तेवढा पैसा आमच्याकडेही नव्हता आणि नाही. शनिवार-रविवार, एस. टी. किंवा सायकल, बांधलेली भाकरी, आणि मुलाबाळांसकट जवळची एखादी लेणी किंवा नदी, एवढ्यावर भागते.

शेवटची गोष्ट सांगून थांबतो. मुलीच्या गावी परदेशातून आलेल्या बायकांसाठी सायकल शिकवण्याचे वर्ग आहेत. मोरोक्कोच्या, तुर्कस्तानच्या, सुरिनामच्या बायका, कोणी चाळिशीच्या, कोणी साठीच्या, मैदानात गोल गोल फिरत असतात. शेवटच्या आठवड्यात आयुष्मती तिथे चार वेळा गेल्या. गुडघा खरचटला. परत येताना त्यांना तोल येत होता, वळण येत नव्हते.

आता आमच्या वस्तीत रविवारी वंदना झाली की विहारामागच्या मोकळ्या जागेत आयुष्मती आणि आणखी तीन भगिनी नातीच्या सायकलवर वळण शिकतात. पोरे हसतात. हसू देत. आम्ही मागे धरायला गेलो तर परवा उत्तर मिळाले, "सोडा. आता कुणी धरायचे नाही."

आपल्या घरात मुलगी असेल तर तिला सायकल शिकवा. आणि कुठल्याही वेशीत तिला उतरावे लागणार नाही, एवढे आपण सगळे मिळून पाहू.

भवतु सब्ब मंगलम्. जयभीम.